दोन विमानं, एक खोली

टाचणी : अजून थोडं सरकवा. अजून. थांबा आता, दार उघडून बघा.

खुंटा : उघडतंय.

टाचणी : किती?

खुंटा : हात बाहेर जाईल एवढं.

टाचणी : आणि माणूस?

खुंटा : माणूस आडवा झाला तर जाईल. पोट आत घ्यावं लागेल.

टाचणी : मग नाही उघडत म्हणा की सरळ.

खुंटा : तुझी खुर्ची खिडकीकडे फिरवली तर?

टाचणी : फिरवून झाली मघाशी. मग माझं थ्रॉटल तुमच्या पायावर येतं. ऐन लढाईत मी वेग वाढवायला हात पुढे ढकलला, की तुमच्या गुडघ्याची वाटी गेली.

खुंटा : म्हणजे खेळाची दोन कॉकपिट या खोलीत मावत नाहीत.

टाचणी : हे मी लग्नाआधीच म्हटलं होतं.

खुंटा : लग्नाआधी तू म्हणालीस, खोली लहान आहे.

टाचणी : तेच ते.

खुंटा : तेच नाही. खोली बरी आहे, माझ्या कॉकपिटचा सांगाडा मोठा झालाय. वर्कशॉपमध्ये लोखंड हाताशी होतं, वेल्डिंग मशीन हाताशी होतं, बांधत गेलो. जन्म लेथवर गेला, दुसऱ्याच्या कामात केसाएवढा फरक चालवून घेतला नाही, आणि स्वतःच्या खोलीचं माप घ्यायचं राहिलं.

टाचणी : त्यात ती ट्रकची सीट. लढाऊ विमानात अशी पोपटी सीट कधी बघितलीत?

खुंटा : बूड दुखत नाही त्यात. बसून बघ.

टाचणी : बसले होते. पाय अधांतरी राहतात माझे. दुकानातल्या उंच स्टुलावर लहान मूल बसवतात ना, तशी दिसते मी.

खुंटा : बरं. मग एकच कॉकपिट ठेवू. दोघांना चालेल असं. आळीपाळीने उडवू.

टाचणी : गेला महिनाभर आपण तेच करतोय. कसं चाललंय?

खुंटा : बरं चाललंय.

टाचणी : खरं सांगा.

खुंटा : तू मागे उभी राहतेस.

टाचणी : मग काय पलंगाखाली बसू?

खुंटा : उभी राहा, पण पाय दाबू नकोस. मी विमान वळवलं की मागे फरशीवर धप्प आवाज येतो. ब्रेक मारतेस तू.

टाचणी : ती सवय आहे हो. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत माझ्या पायाशीही ब्रेक असतो. शिकणारा चुकला की पाय आपसूक जातो.

खुंटा : म्हणजे मी शिकणारा.

टाचणी : तसं नाही म्हटलं. पण शनिवारी तुम्ही चुकलात. शत्रू डाव्या बाजूला खाली होता. मी सांगितलंसुद्धा.

खुंटा : सांगितलंस म्हणून तर मान वळवली. पडद्याकडे नाही, मागे तुझ्याकडे. तेवढ्यात त्याने मला फोडलं.

टाचणी : माझ्याकडे कशाला वळायचं?

खुंटा : आवाज मागून आला म्हणून. इतकी वर्षं तुझा आवाज कानात यायचा, हेडसेटमधून. 'डावीकडे, खाली' म्हणालीस की मी विचार न करता डावीकडे खाली. आता तू 'अहो, डावीकडे बघा' म्हणतेस. मला वाटलं गॅसवर दूध आहे.

टाचणी : हसू नका. आणि मलाही हसवू नका, मला हे आज संपवायचंय. तुमची लेक गाडी घेऊन निघालीय. संध्याकाळपर्यंत गाडी कुरियरच्या ऑफिसात परत द्यायचीय तिला. दोनातलं एक काय ते तिच्या गाडीत चढवायचं.

खुंटा : मग ठरवू. आधी विमान वळवायची स्टिक. माझी मधली, दोन गुडघ्यांच्या मध्ये उभी. लांब दांडा, खाली जाड स्प्रिंग. हात लांबून फिरतो म्हणून नेम बारीक बसतो.

टाचणी : नेम बसतो, पण मला ते हापसा मारल्यासारखं वाटतं. अर्ध्या तासात खांदा भरून येतो.

खुंटा : आणि तुझी? उजव्या हाताशी, आखूड. हलतच नाही. दाराची कडी धरून बसल्यासारखं.

टाचणी : ती हलायची नसतेच. हाताचा दाब ओळखते. नुसतं मनगट दाबायचं.

खुंटा : मला कळतच नाही मी किती दाबलंय ते. परवा जरा दाबली तर विमान उलटं झालं.

टाचणी : तुम्ही नट आवळल्यासारखी दाबलीत.

खुंटा : बरं, स्टिक राहू दे बाजूला. थ्रॉटल?

टाचणी : थ्रॉटल माझं ठेवू. तुमच्या थ्रॉटलचं डोकं गुळगुळीत झालंय, बटणांवर काय लिहिलंय ते फक्त तुम्हाला माहीत.

खुंटा : मान्य. थ्रॉटल तुझं. पेडलं माझी.

टाचणी : पेडलं कशाला? विमानाचं नाक डावी-उजवीकडे न्यायला माझी स्टिकच पिरगळता येते. ते एक धूड वाचेल.

खुंटा : पेडलं राहतील.

टाचणी : अहो, करकरतात ती.

खुंटा : ग्रीस घालतो.

टाचणी : मागच्या आठवड्यातही घातलंत. दिवसभर मी क्लच-ब्रेक-क्लच-ब्रेक करते. घरी येऊन तरी पायांना सुट्टी असावी.

खुंटा : बाकी सगळं तुझं ठेव. सांगाडा मोडू, सीट देऊन टाकू. पेडलं राहतील.

टाचणी : खेळातल्या आपल्या टोळीतले तुम्हाला खुंटा म्हणतात ते काही खोटं नाही.

खुंटा : तुला टाचणी म्हणतात, तेही.

लेक : बाबा, दार का उघडत नाहीये? आत आहात ना दोघं?

खुंटा : थांब, ढकलू नकोस. खुर्ची आडवी आलीय.

लेक : हे काय करून ठेवलंय? बाहेर कसे येणार होतात तुम्ही?

टाचणी : आडवं होऊन. ये गं. त्या वायरीवरून पाय उचलून ये.

लेक : मावशी, ठरलं का काय न्यायचं ते? ऑफिसात मी सांगितलंय की सोफा हलवायचाय. लढाऊ विमान हलवायचंय म्हटलं असतं तर किल्ली दिली नसती.

खुंटा : ठरतंय. मी खाली जाऊन मोठा पाना घेऊन येतो. काहीही न्यायचं झालं तरी सांगाड्याचे बोल्ट सोडवावे लागतीलच.

लेक : स्कूटरच्या डिकीत बघा. गेल्या वेळी तिथेच होता.

टाचणी : चिडले का गं ते?

लेक : बाबा? नाही. चिडले की अजिबात बोलत नाहीत. पान्याबद्दल तरी बोलले.

टाचणी : मी पेडलं काढायचं म्हटलं. नुसतं सहज म्हटलं, जागा वाचेल म्हणून. एवढं काय आहे त्या पेडलांत?

लेक : त्यांनी सांगितलं नाही?

टाचणी : ते काय सांगणार. ग्रीस घालतो म्हणाले.

लेक : आई गेली ना, त्यानंतर बाबा कामावर जायचे, यायचे, जेवायचे, या खोलीत बसायचे. टीव्ही नाही, पेपर नाही. मी एकदा ऑफिसातला जुना कंप्युटर आणून हा खेळ घालून दिला. दुकानदार म्हणाला, लढाऊ विमानांचा आहे, पुरुषमाणसांना आवडतो. मला वाटलं हात तरी हलतील.

टाचणी : आणि लागला नाद.

लेक : लगेच नाही. कीबोर्डवर विमान नुसतं पडायचं. मग एक दिवस ते वर्कशॉपमधून पिशवीत लोखंडाचे तुकडे घेऊन आले. म्हणाले, पायाने वळवता आलं तर पडणार नाही. किती रविवार त्यात गेले कोण जाणे. घासायचे, बसवायचे, परत काढायचे. मी दारातून बघायचे. माणूस कशात तरी लागलाय, एवढंच मला पुरे होतं.

टाचणी : मी त्याला धूड म्हटलं.

लेक : धूडच आहे ते. माझी करंगळी आपटलीय त्यावर. मी तुम्हाला वाईट वाटावं म्हणून नाही सांगत.

टाचणी : मग कशासाठी सांगतेयस?

लेक : पुढचं सांगायचंय म्हणून. ती पेडलं लावल्यावर ते तुमच्या टोळीत आले. तुम्ही सगळे रात्री एकमेकांशी बोलत उडायचात. मी स्वयंपाकघरात होते, आणि या बंद दारातून बाबांच्या हसण्याचा आवाज आला. म्हणजे अगदी खो खो. मी हातातलं ताट तसंच धरून उभी राहिले. कोणीतरी त्यांना काहीतरी बोललं होतं.

टाचणी : मी असणार. मी म्हटलं असेन, वळायच्या आधी इंडिकेटर दे.

लेक : मला कुठे माहीत तुम्ही कोण ते. पुरुष असेल असंच वाटलं होतं. पण मावशी, तो आवाज मी महिनाभर ऐकला नाहीये. रविवारी जेवायला येते तर दोघं किती नीट बोलता. 'अहो, मीठ घ्या.' 'नको, पुरे.' पाहुण्यांकडे आल्यासारखं वाटतं मला.

टाचणी : शेजारणी होत्या पहिल्या दिवशी. नवऱ्याला अरे-तुरे कसं करायचं म्हणून मी अहो म्हटलं. मग ते चिकटलंच.

लेक : भांडलात का?

टाचणी : नाही गं. ते चांगले आहेत. फार चांगले आहेत. चहा करून देतात, मी उडताना मागे उभे राहतात, मी उतरले की शाबास म्हणतात. पण तुला एक सांगू? मला मागे उभं राहणं जमत नाही. इतकी वर्षं मी दुसऱ्याच्या शेजारी बसून गाडी चालवली. स्टिअरिंग कायम त्याच्या हातात, घाम मला. रात्री घरी जाऊन खेळात बसले की वाटायचं, आता माझं मी. आणि लग्न करून काय झालं, तर परत दुसऱ्याच्या मागे उभी राहून ब्रेक मारतेय.

लेक : हे बाबांना सांगितलंत?

टाचणी : काय सांगायचं? या वयात लग्न केलं आणि खुर्ची मिळत नाही म्हणून रुसले?

खुंटा : पाना मिळाला. डिकीत नव्हता, मीटरच्या पेटीवर होता. काय झालं?

लेक : मावशींना काहीतरी बोलायचंय.

टाचणी : मला? बरं, बोलते. हे बघा, एक कॉकपिट नको.

खुंटा : म्हणजे खेळच नको?

टाचणी : तसं नाही. एक कॉकपिट ठेवलं तर एक जण उडतो आणि एक जण बघतो. मला बघायचं नाहीये. तुम्हालाही बघायचं नाहीये, उगाच शाबास म्हणू नका.

खुंटा : शाबास मी मनापासून म्हणतो.

टाचणी : माहीत आहे. पण तुम्ही माझ्या डाव्या पंखाशी उडत असताना जे बोलायचात, ते शाबासपेक्षा बरं होतं.

खुंटा : मी तेव्हा काय बोलायचो? शिव्या द्यायचो.

टाचणी : तेच म्हणतेय मी.

लेक : मी बाहेर जाऊ का?

टाचणी : थांब तू. सांगाडा जाऊ दे. ट्रकची सीट जाऊ दे. माझं ते मोठं टेबलही जाऊ दे. दोन साधी टेबलं, दोन साध्या खुर्च्या. एक इथे, एक हॉलमध्ये खिडकीपाशी. दोघांच्या स्टिक टेबलाच्या कडेला आवळून बसवायच्या. तुमचा दांडा कापून आखूड करता येईल ना?

खुंटा : दांडा कापला तर नेम जाईल.

टाचणी : नेम थोडा जाईल. मी सोबत असेन.

खुंटा : स्प्रिंग बदलावी लागेल मग. आखूड दांड्याला ही जाड स्प्रिंग मनगट मोडेल. हलकी आहे माझ्याकडे एक. टेबलाला खालून पट्टी मारावी लागेल, नाहीतर टेबल डुगडुगेल. हं. होईल.

लेक : बाबा, म्हणजे हो ना?

खुंटा : मी कधी नाही म्हटलं? मला वाटलं तिला एकच खोली हवीय. नवरा-बायको एका घरात वेगवेगळ्या खोल्यांत बसून कानाला हेडसेट लावतात, हे कसं दिसेल म्हणून मीच बोललो नाही.

टाचणी : कोणाला दिसणार आहे?

खुंटा : तुझ्या शेजारणींना.

टाचणी : त्यांना मी सांगेन, आम्ही फोनवर बोलतो.

लेक : आणि पेडलं? ती एकच जोडी आहे.

टाचणी : ती इथेच राहतील, यांच्या पायाशी.

खुंटा : नाही. ती तू घे.

टाचणी : मला कशाला? मी स्टिक पिरगळून काम भागवते की.

खुंटा : भागवतेस, म्हणून तर वळताना तुझा नेम हलतो. एका मनगटाने नेमही धरायचा आणि नाकही वळवायचं, कसं होणार? तुझे पाय माझ्यापेक्षा हुशार आहेत. दिवसभर तेच करतात. इतके दिवस मी सांगायला घाबरत होतो, तू मला खुंटा म्हणून पुन्हा चिडवशील म्हणून.

टाचणी : अहो, पण ती तुम्ही त्या वेळी केलेली आहेत. मला कळलंय आत्ता.

खुंटा : हिने सांगितलं वाटतं.

लेक : मी फक्त करंगळीचं सांगितलं.

खुंटा : केली तेव्हा केली. मी काही त्यांची पूजा करत नाही. चांगली बनलीत, वापरात राहावीत, एवढंच. मला दुसरी करता येतील. उलट मजा येईल, आता चुका माहीत आहेत. ये इकडे, चप्पल काढ. पाय ठेव.

टाचणी : पोचत नाहीये नीट. टाच उचलावी लागते.

खुंटा : माझ्या पायाच्या मापाची आहेत. ही पाटी चार बोटं मागे आणतो आणि टाचेखाली एक पट्टी देतो. आता डावा दाब. हळू. गाडीचा ब्रेक नाहीये तो. हळू म्हटलं ना.

टाचणी : हळूच दाबतेय. आणि शिकवण्याचं काम माझं आहे.

खुंटा : करकर कुठून येते ते कळलं. उजवीकडचं बेअरिंग आहे. बदलून टाकतो.

टाचणी : नका बदलू. राहू दे करकर. मला कळेल की पाय पोचला.

लेक : बाबा, आता बोल्ट काढा. गाडी परत द्यायचीय. आणि ती पोपटी सीट मी आमच्या ऑफिसात ठेवणार आहे. पार्सल घ्यायला येणाऱ्यांना बसायला काही नाही तिथे.

खुंटा : बूड दुखणार नाही कोणाचं. तो कोपरा धर. उचल.

(त्याच आठवड्यातला शनिवार. तो मागच्या खोलीत, ती हॉलमध्ये खिडकीपाशी. मधलं दार लोटलेलं. दोघांच्या कानांवर हेडसेट.)

टाचणी : खुंट्या, कुठे आहेस?

खुंटा : तुझ्या उजवीकडे, थोडा मागे. ढगाच्या वर.

टाचणी : ढगाच्या वर काय करतोयस? खाली ये. दोन जण येतायत समोरून.

खुंटा : दिसले. एक मोठा वळसा घेतोय. तो मला दे.

टाचणी : घे. दुसरा माझा. अरे, वळ की. वळायला काय मुहूर्त काढतोयस?

खुंटा : दांडा आखूड आहे बाई. अजून हात बसला नाहीये.

टाचणी : मनगटाने कर. नट आवळू नकोस.

खुंटा : तुझा तो खाली पळतोय बघ. उजवं पेडल. उजवं, उजवं. धर तसंच.

टाचणी : धरलंय. ऐकू येतेय का करकर?

खुंटा : हेडसेटमधून येतेय. मार आता.

टाचणी : मारला. धूर निघाला त्याचा. बघितलंस?

खुंटा : बघायला वेळ कुठाय, माझा माझ्या मागे लागलाय. मेलो आता. नालायक माणूस आहे, सोडतच नाही.

टाचणी : सरळ जा. अजिबात वळू नकोस. मी येतेय.

खुंटा : सरळ गेलो तर फोडेल तो मला.

टाचणी : सरळ जा म्हणतेय ना. विश्वास आहे की नाही?

खुंटा : जातोय, जातोय. माझ्या पंखाला भोकं पडतायत.

टाचणी : पडू दे. आता डावीकडे, खाली.

खुंटा : गेलो.

टाचणी : झालं. गेला तो. आता श्वास घे.

खुंटा : बये, दारातून ओरडलीस ना मघाशी? शेजारणींनी पण मान डावीकडे वळवली असेल.

टाचणी : हसू नकोस एवढा, मला काही दिसेनासं होतंय. गंमत सांगू? तू मला दोनदा ऐकू येतोस. आधी दारातून, मग कानातून.

खुंटा : हळू बोलू का?

टाचणी : नको, बोल तसाच. पंख कसा आहे?

खुंटा : लुळा पडलाय. एका बाजूला ओढतोय. धावपट्टी दिसायला लागली.

टाचणी : तू उतर आधी. मी आहे वर.